वळचणीच्या बाहेर

पिंगळीची प्रभावती लग्न होऊन पाथरीला आली तेव्हा तेरा वर्षांची होती. सासरच्या घरात पाऊल ठेवल्यावर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "उन्हानं मेले गं बाई!"

वैशाखाचे दिवस. मानवत रोडला रेल्वेतून उतरून बैलगाडीत सात-आठ कोस खडखडत आलेली पोर ती. दुसऱ्या कुठल्याही घरात बायका हसल्या असत्या आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला असता. इथे मात्र जो तो जागच्या जागी थिजला. सासरे दत्तोपंत जोशी पुढे आले. त्यांनी नव्या सुनेला चूळ भरायला लावली, जिभेवर तुळशीचं पान ठेवलं, देवापुढे बसवून एकशे आठ वेळा रामनाम घ्यायला लावलं आणि मगच पाणी दिलं. तोवर तिची तहानही मेली होती. पण तेही बोलायची आता सोय राहिली नव्हती.

दत्तोपंत पाथरीचे जोशी. पंचांग, पत्रिका, मुहूर्त ही त्यांची कामं. माणूस दुष्ट नव्हता, खाष्टही नव्हता. सून जेवली की नाही हे विचारणारा सासरा त्या काळात शोधून सापडला नसता, हे विचारायचे. पण एका गोष्टीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. घरात वास्तुपुरुष असतो आणि घरात जे बोललं जातं त्याला तो 'तथास्तु' म्हणतो, ही समजूत घरोघर आहे. लोक ती सोयीनं पाळतात, सोयीनं विसरतात. दत्तोपंतांनी ती निजामाच्या फर्मानासारखी चालवली होती. त्यांच्या घरात मीठ संपत नसे, वाढत असे. दिवा विझत नसे, शांत होत असे. गावात कुणाचं काही बरंवाईट झालं तर नुसतं बोट वर करायचं, तेही शेजारच्या भिंतीकडे बघत. आणि हेच दत्तोपंत रोज सकाळी खड्या आवाजात महामृत्युंजयाचा जप करायचे. मंत्रातला मृत्यू चालत असे, मराठीतला चालत नसे.

प्रभावतीला सुरुवातीला याची मोठी गंमत वाटली. तिचे वडील पिंगळीच्या शाळेत मास्तर, घर रेल्वेच्या रुळाला लागून. गाडी जाताना ओरडून बोलायचं आणि गाडी गेली तरी आवाज खाली आणायचा नाही, अशी त्या घरातल्या सगळ्यांची सवय. माहेरी गेली की ती सासऱ्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवायची आणि आई हसून हसून पदर तोंडात धरायची. सासरी सासू नव्हती, ती फार पूर्वी तापानं गेली असं गावात सांगत; घर लहान, आणि नवरा अनंतराव स्वभावानं इतका मऊ की तोही चोरून हसायचा. तो तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होता. दिवसभर उर्दूत लिहायचा. त्याचं अक्षर असं की हैदराबादहून आलेला एक मोठा साहेब म्हणे नुसतं अक्षर बघायला टेबलापाशी थांबला होता. एक मुलगी झाली, तिचं नाव प्रमोदिनी ठेवलं. आठ-नऊ वर्षं बरी गेली.

मग फसली सन १३४९ उजाडला, इंग्रजी चाळीसच्या आगेमागचं साल. त्या वर्षी प्रभावतीला मुलगा झाला आणि नऊ दिवस जगला.

दहाव्या दिवशी घरात कुणी रडलं नाही. रडणं म्हणजे अशुभाला पाट मांडणं. "देवाची वस्तू देवाकडं," एवढं बोलून दत्तोपंत सोवळं नेसून पूजेला बसले. प्रभावती परसात धुणं धुताना रडून घ्यायची. धुण्याच्या आवाजात रडणं खपून जातं. अनंतरावाला धुणंही नव्हतं. तो कचेरीत गेला आणि नेहमीसारखा लिहायला बसला.

पुढे लोकांनी विचारलं, कशानं झालं असं? लोकांना कारण लागतं, आणि तेही एकच, मूठभर, हातात धरता येईल असं. कुणी म्हणालं, मुलाचं दुःख. कुणी म्हणालं, कचेरीत नवा पेशकार, म्हणजे वरचा कारकून, आला होता, त्यानं चार लोकांत पाणउतारा केला. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा. खरं सांगायचं तर अनंतरावालासुद्धा ते सांगता आलं नसतं. त्याची झोप गेली. मग भूक गेली. मग अक्षर गेलं. ज्या हाताची वाहवा व्हायची तो हात एक ओळ लिहायला अर्धा दिवस घ्यायला लागला. दत्तोपंतांनी त्याची पत्रिका काढली, साडेसाती सापडली, शनीला तेल सुरू झालं. हकिमानं काढा दिला. अनंतराव मुकाट्यानं काढा प्यायचा आणि पेला पुसून जागेवर पालथा ठेवायचा.

मग एके दिवशी तो कचेरीतून लवकर आला. चेहरा कितीतरी महिन्यांनी शांत होता. प्रभावतीला वाटलं, शनी पावला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की त्याच्या हातात कलमदान नाही. लाकडी, कोरीव, त्याच्या आजोबांचं कलमदान. त्याला तो मुलीलासुद्धा हात लावू देत नसे.

"कलमदान कुठाय?"

"दिलं कचेरीतल्या किशनरावला. त्याला लय आवडायचं." मग हळूच म्हणाला, "प्रमोदिनीला घेऊन पिंगळीला राहत जा. तिथं तिला बरं वाटतं. तुमी दोघी तिथं असल्यावर, मी जर..."

आत देवघरात दत्तोपंतांनी घंटा वाजवली, जोरात. "शुभ बोलावं, अनंता!"

वाक्य तिथेच राहिलं. अनंतराव "हो नाना" म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. प्रभावती मात्र जिथे होती तिथेच उभी राहिली. ते वाक्य कसं संपणार होतं हे तिला कळलं होतं. देवघरात घंटा वाजवणाऱ्यालाही ते कळलं होतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्या दिवसापासून दत्तोपंतांनी मुलाला रुखसत घ्यायला लावली, म्हणजे कचेरीतून रजा. पुढच्या दाराला आतून कडी, मागच्या दाराला आतून कडी. प्रमोदिनीला आजोळी धाडलं. अनंतराव अंघोळीला गेला तरी दत्तोपंत बाहेर जानवं चाचपत उभे. म्हातारा डोळ्यात तेल घालून पहारा करत होता, हे खरं. पण पहारा करताना तो मुलाशी बोलायचा ते काय? यंदा ज्वारी कशी आहे. गुरू कोणत्या राशीत आहे. सूनही तेच करायला लागली. "भाजी आवडली का? मीठ जास्त झालं का?" तिघंजण एका घरात, तिघांच्याही डोक्यात एकच गोष्ट, आणि तिघं मिठावर बोलताहेत! प्रभावतीला स्वतःचाच संताप यायचा. नवऱ्याच्या ताटासमोर बसून तिला ओरडावंसं वाटायचं, पण ओरडायचे ते शब्द त्या घरात उच्चारायचे नव्हते. आणि आठ-नऊ वर्षांत ती भीती तिच्याही अंगात भिनली होती. खरंच वास्तूनं तथास्तु म्हटलं तर? नऊ दिवसांचं पोर जायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःशी म्हटलं होतं, 'हे काही राहत नाही.' तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवस असे गेले. भिंती रोज थोड्या आत सरकायच्या. अनंतराव खिडकीशी बसायचा आणि बाहेर बघायचासुद्धा नाही.

सोमवारी धुरपताबाई अंगण सारवायला आली. ही मागच्या खळ्याच्या मालकाची, सटवाजीची बायको. घरची शेती, पण जोशांचं अंगण सारवायचं हे तिनं सासूपासून चालत आलेलं काम सोडलं नव्हतं. प्रभावती शेणाची पाटी द्यायला म्हणून बाहेर आली आणि मागे दाराला आतून कडी लागल्याचा आवाज झाला. धुरपताबाईनं तो ऐकला.

"अनंतरावांला काय व्हायलंय, बाई?"

"ताप हाय," प्रभावती म्हणाली. खोटं बोलताना तिची भाषासुद्धा धुरपताबाईसारखी झाली.

धुरपताबाईनं सारवणाचा हात थांबवला. "असला ताप मला बी आल्ता."

प्रभावती पाटी घेऊन जवळ सरकली.

"माजं दुसरं लेकरू झालं तवा. लेकरू चांगलं गुटगुटीत, घरात समदं हाय, आन् मला रोज वाटायचं का आपुन नसावं. कोनाला बोलावं? लोक म्हन्तेल, माजली. येक दिवस मी कापूस यीचायले. सासू शेजारच्या तासात. दगडाबाई, लय खट म्हातारी. तिनं मान वर न करता इचारलं, 'धुरपते, जीव द्यावा वाटायलाय का तुला?'"

प्रभावतीनं चटकन घराकडे बघितलं. दार बंदच होतं.

"असं... असं सरळ?"

"सरळच की. मला वाटलं आता ही बोंब मारील. मी म्हन्ले, व्हय. तर म्हन्ली, बरं. मंग सांग."

"मग काय समजावलं तिनं?"

"काय समजावती? तिनं आईकलं. दिस बुडस्तोवर मी बोलले आन् तिनं आईकलं. शेवटाला म्हन्ली, 'आजच्या दिस र्‍हा. उद्या पुन्ना इचारते.' आन् रोज इचारायची, बाई. मी चिडायचे. चिडले तरी इचारायची." धुरपताबाईनं पुन्हा हात फिरवायला सुरुवात केली. "मला बी वाटायचं, नाव काढल्यानं येतं. पर ते तर आदीच येऊन बसल्यालं आस्तंय."

"आमच्या घरात तसं बोलता येत नाही, धुरपताबाई."

"मंग घरात नका बोलू," धुरपताबाई म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकली.

प्रभावती मात्र रिकामी पाटी हातात घेऊन कितीतरी वेळ तिथेच उभी होती. घरात नका बोलू. आठ-नऊ वर्षं ती या नियमाला हसली होती, त्याच्यावर चिडली होती, त्याला घाबरली होती. पण नियमाला काठ असेल आणि त्या काठापलीकडे चालत जाता येईल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. पण काठ कुठे? अंगण हे घर की बाहेर? ओटा? आणि चूक झाली तर ती कुणाच्या जिवावर बेतणार होती!

तिनं मग एक गोष्ट केली, आणि ती तिच्याशिवाय कुणाला सुचली नसती. दुपारी दत्तोपंत जेवून सुपारी कातरत बसले असताना ती दाराआड उभी राहिली आणि तिनं जोशीबुवांना शास्त्र विचारलं.

"मामंजी, वास्तुपुरुष ऐकतो तो कुठपर्यंत?"

दत्तोपंतांचा अडकित्ता थांबला. गेल्या पंधरा दिवसांत त्यांच्याशी कुणी त्यांच्या विषयातलं बोललं नव्हतं. त्यांचे डोळे थोडे उजळले. "चांगलं विचारलंस, सूनबाई. लोकांना वाटतं कुंपणापर्यंत. तसं नाही. छपराची वळचण असते ना, तिच्यातून पावसाचं पाणी जिथं पडतं, ती वास्तूची शीव. तिच्या आत वास्तुपुरुष."

"आणि बाहेर?"

"बाहेर क्षेत्रपाल."

"तोही तथास्तु म्हणतो का?"

"छे, छे. त्याचं काम राखणीचं. तो फक्त राखतो."

"बरं," प्रभावती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ती मोरीपाशी बसली. भांडी तशीच टाकून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती माजघरात आली, खिडकीशी बसलेल्या नवऱ्याचा हात तिनं धरला आणि त्याला उठवलं. सासऱ्यासमोर नवऱ्याचा हात धरायचा, हे त्या घरात वास्तूच्या नियमाच्या खालोखाल वर्ज्य होतं. अनंतराव उठला, विरोध करायलाही अंगात काही लागतं. दत्तोपंत दारात आडवे झाले.

"कुठं?"

"वळचणीच्या बाहेर, मामंजी. सटवाजीच्या खळ्यावर."

म्हाताऱ्याला समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा असा उतरला की प्रभावतीला वाटलं, ते खाली बसतील. काल आपल्याच तोंडानं दिलेला निर्णय सुनेनं आपल्यापुढे धरला होता, आणि शास्त्र परत घेता येत नाही.

"बाहेर नको नेऊ त्याला," ते म्हणाले. आवाज जोशाचा नव्हता. "मी डोळ्यापुढून हलू दिलं नाही गं. पुन्हा नको."

'पुन्हा' हा शब्द प्रभावतीच्या कानावर पडला, पण तेव्हा थांबायला वेळ नव्हता. "तुमी दारातून बघा. खळं दिसतं इथून. मी हात सोडणार नाही." तिनं दुसऱ्या हातानं कडी काढली. दत्तोपंत बाजूला झाले.

खळ्यावर मळणी होऊन गेली होती. कडब्याच्या पेंढ्यांची गंजी, बाजूला बांधलेला एक बैल, आणि दुरून सटवाजीनं बघून न बघितल्यासारखं केलं. दोघं एका पेंढीवर बसली. प्रभावतीनं दहा वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. तिला तुळशीच्या पानाची चव आठवत होती. हात सोडणार नाही म्हटलं होतं म्हणून सोडला नाही, एवढंच.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतोय का?"

काही झालं नाही. आभाळ होतं तिथेच होतं, बैलानं शेपटीनं माशी उडवली. अनंतरावानं तिच्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत, कदाचित सहा महिन्यांत, त्यानं पहिल्यांदा कुणाकडे बघितलं होतं.

"हो," तो म्हणाला.

मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो बोलायला लागला तेव्हा थांबेना. "मरायची हौस नाही गं मला. हे बंद व्हायला पाहिजे. आत सारखं काहीतरी दळायलंय. निजलो तरी दळायलंय. बाळ गेलं," तो म्हणाला, आणि हे सहा महिन्यांत घरातल्या कुणी उच्चारलेलं पहिलं 'गेलं' होतं, "बाळ गेलं तर मला रडू आलं नाही. मला वाटलं, असल्या बापाला पोर कशाला पाहिजे. तुमच्यावर नुसता भार झालोय. मी नसलो तर तुमी सुटाल."

"असं नका ना बोलू! प्रमोदिनीचा तरी विचार करा," प्रभावती बोलून गेली. त्याबरोबर अनंतरावाचं तोंड मिटलं. दार लागल्यासारखं. देवघरातली घंटा आपणच वाजवली, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. सगळ्या जगानं प्रमोदिनीचं नाव काढलं असतं. तो तिचाच विचार करून करून इथवर आला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मला भीती वाटली म्हणून बोलले. सांगा तुमी. मी ऐकायलेय."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. मग तो पुन्हा बोलायला लागला, आणि तिनं नुसतं ऐकलं. मध्येच तीही बोलली. बाळ जायच्या आदल्या दिवशी आपण मनात काय म्हटलं होतं ते तिनं सांगितलं. त्यानं तिचा हात उलट दाबला. ऊन उतरलं तेव्हा तिनं दगडाबाईचा प्रश्न विचारला. "आजचं सांगा. आजच्या दिवस राहाल?"

त्यानं विचार करून उत्तर दिलं, आणि विचार केला म्हणूनच तिला ते खरं वाटलं. "आज राहीन."

"उद्या पुन्हा विचारणारेय."

"विचार."

एका दिवसात माणूस बरा झाला असं सांगणारे असतात. त्यांना सांगू द्यावं. अनंतराव दुसऱ्या दिवशी होता तसाच होता. तिसऱ्या दिवशी जास्तच वाईट होता. त्या दिवशी प्रश्नाला त्यानं "ठाऊक नाही" असं उत्तर दिलं, तेव्हा प्रभावतीनं धुरपताबाईला बोलावून घेतलं. दोघी त्याच्या दोन बाजूंना दिवस मावळेपर्यंत बसल्या आणि रात्री सटवाजी जोशांच्या ओट्यावर येऊन झोपला. आठव्या दिवशी किशनराव कलमदान घेऊन परत आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. "तुझ्याशिवाय हे माझ्या टेबलावर शोभत नाही," म्हणाला आणि खळ्यावर मांडी घालून बसला. पुढे परभणीच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं झोपेचं औषध दिलं. त्याचा थोडा उपयोग झाला, थोडा नाही. घराच्या आत अजून मिठावरच बोलणं चालायचं. पण रोज तिसऱ्या प्रहरी कडी निघायची, आणि दिवसातला तेवढा वेळ भिंती सरकायच्या थांबायच्या.

आणि दत्तोपंत? ते रोज मागच्या दाराबाहेर येऊन उभे राहायचे, बरोबर वळचणीच्या रेघेवर. पागोळ्यांनी जमिनीत जो खळगा पाडलेला असतो त्याच्या आत पायाची बोटं. पलीकडे एक बोट नाही. तिथून शब्द ऐकू येत नसत, पण म्हातारा ओठांकडे बघत राहायचा. प्रभावतीला आधी त्याचा राग यायचा. मग वाटायला लागलं, हा पहारा नाही. हे काहीतरी वेगळं आहे.

असा महिना झाला असेल. एक दिवस तिनं नवऱ्याला नेहमीचा प्रश्न विचारला, त्यानं "आज राहीन" म्हटलं, आणि मागून वहाणांचा आवाज आला. दत्तोपंत खळ्याच्या कडेला उभे होते. डोक्याला पगडी नव्हती.

"अनंता," ते म्हणाले, "मला एक बोलायचंय. इथं बोललं तर चालतं. मीच सांगितलंय ते."

अनंतराव उठायला लागला. त्यांनी हातानं बस म्हटलं.

"तुझी आई तापानं गेली नाही. तिनं जीव दिला."

धुरपताबाई तिकडे कडबा मोजत होती तिचा हात थांबला.

"ती मला सांगायची. चार-पाच महिने सांगायली होती, मला जगावं वाटत नाही. मी म्हणायचो, देवाचं नाव घे. एक दिवस बाहेरगावच्या मुंजीहून दमून आलो आणि तिनं पुन्हा तेच काढलं. मी चिडलो. म्हणालो, द्यायचा तर दे एकदाचा." त्यांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "घरात म्हणालो मी हे. माजघरात. वास्तूनं तथास्तु म्हटलं, अनंता. मी बोललो आणि तसं झालं. त्याच्यानंतर त्या घरात मी कुणाला तसलं काही बोलू दिलं नाही. तू सहा वर्षांचा होतास. तुला मी..."

वाक्य तिथेच राहिलं. प्रभावती उठली होती. तिला म्हणायचं होतं, मामंजी, वास्तूनं काही ऐकलं नाही. त्या आजारी होत्या, ह्यांच्यासारख्याच, आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. तिला रागही आला होता, एकवीस वर्षं तोंडाला कुलूप लावलेल्या या घराचा, आणि त्याच वेळी त्या उघड्या डोक्याच्या म्हाताऱ्याला कुठेतरी टेकवून बसवावं असंही वाटत होतं. पण तिच्याआधी अनंतराव बोलला. महिनाभर ज्याला रोज प्रश्न विचारला जात होता, तो.

"नाना, आणि तुम्हाला?"

"काय मला?"

"तुम्हाला कधी वाटलं का? जीव द्यावा म्हणून?"

दत्तोपंतांनी मुलाकडे बघितलं, मग सुनेकडे. शहाण्णव कुळांच्या पत्रिका मांडलेला माणूस, पण असा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी केला नव्हता.

"रोज," ते म्हणाले.

अनंतराव पेंढीवर थोडा बाजूला सरकला आणि त्यानं जागा केली. बापाचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. हात सोडला नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग सांगा."